नळाचे आठ दिवस, डासाचे आठ दिवस

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या भिंतींवर एक चित्र हमखास दिसतं. पदर खोचलेली एक बाई पाण्याचा ड्रम आडवा करतेय आणि शेजारी लिहिलेलं असतं, ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, डेंग्यू टाळा.’ सूचना चुकीची नाही. पण ते चित्र पाहिलं की मला दरवेळी प्रश्न पडतो, या बाईच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे चित्र रंगवणाऱ्यानं तिला विचारलं होतं का? आणि घरातली बापे मंडळी त्या चित्रात कुठेच कशी दिसत नाहीत?

मैत्रिणींनो, आपल्या बीड जिल्ह्यात भरलेला ड्रम ओतून देणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुठे चार दिवसांनी पाणी, कुठे आठ, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी आलं तरी नशीब. लाइट आणि पाणी एकाच वेळी आले तर दिवाळीच! मग घरात जे जे भांडं असेल ते भरायचं. हौद, रांजण, निळे ड्रम, घागरी, हंडे, अगदी तेलाचे रिकामे डबेसुद्धा. दुष्काळात टँकरमागे धावून आणलेलं, नाहीतर पैसे मोजून घेतलेलं पाणी कुणी गटारात ओतून देईल का? २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत कोरडा दिवस पाळा म्हणणाऱ्याला बायकांनी काय उत्तर दिलं असतं, ते पेपरात छापण्याजोगं नक्कीच नसतं.

आणि नेमकं याच साठवलेल्या पाण्यात आपल्या दुखण्याचं मूळ आहे. म्हणून हा विषय आज काढला.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास एकच, एडिस इजिप्ती त्याचं नाव. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात, म्हणून काही जण त्याला टायगर डास म्हणतात. याला गटारातलं घाण पाणी फारसं रुचत नाही. त्याला लागतं आपण जपून ठेवलेलं, स्वच्छ, न हलणारं पाणी. चावतोही दिवसा, सकाळी ऊन वर चढेपर्यंत आणि पुन्हा दिवस कलता कलता. म्हणजे आपण ओट्यापाशी उभ्या असतो तेव्हा आणि लेकरं अंगणात खेळत असतात तेव्हा. दांडीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात तो दडून बसतो. फार लांब उडतही नाही. त्यामुळे ‘शेजारच्या गल्लीतून साथ आली’ असं म्हणताना आधी आपल्या आणि शेजारणीच्या मोरीत डोकवावं हे बरं.

यातली मादीच चावते, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. (यावर घराघरांत बापे मंडळी काय विनोद करतात ते ऐकून माझे कान किटले आहेत!) अंडी ती पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत. कित्येक महिने तशीच चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. त्यामुळे ड्रम नुसता रिकामा केला आणि पुन्हा भरला, तर आपण त्या अंड्यांना पाणीच पाजलं म्हणायचं. खरं काम कडा घासण्याचं आहे, आणि भिंतीवरच्या चित्रात तेच दाखवलेलं नसतं.

आपल्या भागाला चिकुनगुनियाची ओळख फार जुनी आहे. १९७३ साली आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला याची मोठी साथ आली होती. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६३ मध्ये, कलकत्त्याला आली होती. बार्शीनंतर मात्र तीसेक वर्षं हा आजार जणू देशातून गेलाच. डॉक्टरांच्या नव्या पिढीनं तो फक्त पुस्तकात वाचला. आणि २००५ च्या शेवटाला आंध्रात तो पुन्हा उपटला. २००६ मध्ये कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात असा फिरत राहिला. त्या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यातले अडीच लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले. नोंदले गेले ते इतके. खेड्यातल्या बाईची नोंद करायला तिला आधी दवाखान्यात तर न्यायला हवं ना?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं तपासलं तेव्हा कळलं की हा बार्शीच्या वेळचा विषाणू नव्हता. तो होता आशियातल्या जातीचा, हा आफ्रिकेतल्या जातीचा. पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली पकडलेल्या डासांतही हीच आफ्रिकन जात मिळाली होती. म्हणजे पाहुणा दाराशी पाच-सहा वर्षं आधीच येऊन थांबला होता.

तेव्हा मी नवी सून होते. घरटी दोन-तीन माणसं अंथरुणाला लागलेली असायची. काठी टेकत, भिंतीला धरत चालणारी तरणी माणसं बघून म्हातारी माणसं चक्रावून जायची. त्यातच नावानं मोठा घोळ घातला. लोक म्हणायला लागले, ‘चिकन’गुनिया, म्हणजे कोंबडीमुळे होणारा! त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, देशात पहिल्यांदाच. लोकांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि कोंबडी खाणं सोडलं. अंगणातली कोंबडी बिचारी बदनाम झाली आणि अंगणातला ड्रम तसाच उघडा राहिला. खरं तर या शब्दाचा कोंबडीशी काही संबंध नाही. १९५२ साली आफ्रिकेत, आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात, ही साथ पहिल्यांदा नीट अभ्यासली गेली. तिथल्या माकोंडे लोकांच्या बोलीत या शब्दाचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. ज्यांनी हा आजार काढलाय त्यांना या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हा ताप चार-सहा दिवसांत उतरतो. राहतात ते सांधे. मनगट, बोटं, घोटे, गुडघे. कुणाचे पंधरा दिवसांत सुटतात, कुणाचे तीन महिने, कुणाचे वर्ष वर्ष. चाळिशी उलटलेल्यांमध्ये, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये, हे मागे रेंगाळणारं दुखणं जास्त आढळतं. मी बचत गटाच्या निमित्तानं आसपासच्या गावांत फिरते. एका गावातली बाई मला म्हणाली, “ताई, सकाळी उठल्यावर मूठच मिटत नाही बघा. पीठ मळायचं तर रडू येतं. अन सासूबाई म्हणतात, ताप कवाच गेला, आता कामाचा कंटाळा आलाय हिला.” तिला ताप येऊन आठ महिने झाले होते. त्याच घरात नवऱ्यालाही चिकुनगुनिया झाला होता. त्याला मात्र महिनाभर शेकायला गरम पाणी हातात मिळालं!

सरकारी कागदावर २००६ च्या साथीत चिकुनगुनियानं थेट मृत्यू कुणाचाही नाही. अहमदाबादेत अभ्यासकांनी त्या वर्षीच्या मृत्यूंचे आकडे तपासले, तेव्हा साथीच्या चार महिन्यांत नेहमीपेक्षा जवळजवळ तीन हजार मृत्यू जास्त झालेले दिसले. ते सगळे या आजाराचेच होते असं कुणी म्हणत नाही. पण मेलेल्या माणसांची जिथे ही गत, तिथे न मिटणाऱ्या मुठीची नोंद कोण ठेवणार?

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांचं तर विचारूच नका. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. बाईचं मनगट धरलं तर तिला मोळी बांधता येत नाही, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेता येत नाही, आणि मग नवऱ्याचाही खाडा पडतो. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायची सोय नाही. हे लोक घर सोडतात दसरा-दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे डेंग्यू-चिकुनगुनियाचा जोर असतो नेमका तेव्हाच. कोपीपुढे पाणी कशात साठवतात? प्लास्टिकच्या ड्रममध्ये, उघड्यावर. अंगात ताप असलेलं एक माणूस अशा तळावर पोचलं की डासाला पुढचं काम सोपं होतं. आमच्या तेलगावला साखर कारखाना आहे. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या आसऱ्यानं उभ्या राहणाऱ्या कोप्या आपण पाहतो, आणि आपली माणसं दुसऱ्या जिल्ह्यांत, कर्नाटकात जातात तिथेही चित्र हेच. तळावर झाकणाचे ड्रम देणं कुठल्याही कारखान्याला किंवा मुकादमाला न परवडण्याइतकं महाग नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

हे विषाणू मुळात येतात कुठून? तर यातले बरेचसे आधी प्राण्यांत राहतात. चिकुनगुनियाचा विषाणू आफ्रिकेच्या जंगलात माकडं आणि डास यांच्यात फिरत होता. झिका तर १९४७ साली युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडाच्याच रक्तात सापडला. माणूस जंगलाजवळ गेला, डास माणसाच्या घरात शिरला आणि विषाणूला नवं बिऱ्हाड मिळालं. आपल्या राज्यातही अशी उदाहरणं आहेत. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापानं थैमान घातलं. काजूच्या बागांत आणि रानात कामाला जाणाऱ्यांना गोचिडी चावायच्या, आणि ज्या रानात माकडं मरून पडायची तिथे धोका मोठा. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव १९६५ साली एका विषाणूला मिळालं. तो वाळूमाशीतून येतो, आणि ही एवढीशी माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, शेणामातीच्या ओलीत वाढते. २००३ मध्ये आंध्रात आणि आपल्याकडे यानं लहान लेकरं नेली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा तेच. आदल्या दिवशी हसतंखेळतं मूल, अचानक जोराचा ताप, झटके, आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलेलं. तापात मुलाला झटका आला तर कांदा हुंगवत बसू नका, गाडी मिळेल त्या गाडीनं मोठा दवाखाना गाठा.

झिकाबद्दल मात्र लेकी-सुनांच्या घरांनी नीट ऐकावं. हाही आपल्या त्याच पट्टेवाल्या डासातून पसरतो. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या खेड्यात सापडला, पन्नाशीची बाई होती, बरी झाली. त्याच गावात तेव्हा चिकुनगुनियाही होता. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, त्यांत गर्भवती बायकांची संख्या मोठी होती. एरवी हा ताप किरकोळ, कित्येकांना कळतही नाही. पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ तो खुंटवू शकतो. दिवस गेलेल्या बाईनं दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावावी, अंगभर कपडे घालावेत. यात नखरे कसले?

आता थोडा हिशेब करू. अंडं फुटल्यापासून पंख फुटेपर्यंत या डासाला उबदार हवेत साधारण आठ दिवस लागतात, कधी एखादा दिवस कमी, कधी दोन जास्त. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येत असेल तर अळीचा डास व्हायच्या आधी ड्रम रिकामा होतो. पाणी आठव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशी येत असेल तर डास जिंकला. मग त्या घरातली बाई कितीही नेटकी असो. कोरड्या दिवसाच्या चित्रात ही गोष्ट नाही. पाणी किती दिवसांनी सोडायचं हे बाई ठरवत नाही, आणि तिच्या ड्रमात अळ्या सापडल्या म्हणून शिव्या मात्र तिलाच. मागे एका ठिकाणी तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्यानं चारचौघांत एका बाईला ‘तुम्हीच रोग पाळता’ असं सुनावलं. त्याला मी तिथेच विचारलं, दादा, टाकी कधी सुटते तुमच्या गावात? तो गप्प बसला.

याचा अर्थ आपण हातावर हात ठेवून बसायचं असा नाही. पाणी यायच्या दिवशी, नळ सुटण्याच्या आधी, तळाचं उरलेलं पाणी धुण्याला नाहीतर झाडांना वापरून टाका आणि ड्रमाच्या कडा काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासा. म्हणजे पाण्याचा थेंब वाया जात नाही आणि अंडीही निघतात. भरलेल्या ड्रमावर जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड ताणून दोरीनं बांधा. ते पाण्याला टेकू देऊ नका. नुसतं ताट झाकून भागत नाही, फटीतून डास आत जातो. हौद रिकामा होण्यासारखा नसेल तर आशाताईंना सांगून गप्पी मासे आणवा, ते अळ्या खातात. आरोग्य खात्याकडून अळ्या मारायचं औषध टाकायला आले तर ‘पाण्याला वास येतो’ म्हणून परत पाठवू नका. आणि फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, बाटलीतला मनीप्लांट, जनावरांचं पाण्याचं टाकं, गच्चीवर टाकलेले टायर यांच्याकडे घरातल्या बापे मंडळींना पाठवा. गच्चीवर चढायला त्यांना एरवी आवडतंच!

धूर फवारणीवर फार विसंबू नका. धुरानं उडते डास मरतात, तेही त्याच्या वाटेत आले तर. ड्रमातल्या अळ्यांना आणि कपड्यांमागे बसलेल्या डासाला त्या धुराचं काही वाटत नाही. मात्र यंत्रासोबत फोटो छान येतो, म्हणून फवारणीला पुढाऱ्यांची कमी नसते.

घरात कुणाला ताप आलाच, तर मच्छरदाणीत आधी त्या आजारी माणसाला ठेवा, दिवसासुद्धा. हे फार कुणी सांगत नाही. पहिले पाच-सात दिवस त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डासच पुढे घरातल्या बाकीच्यांना देतो. ताप आणि अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल पुरते. दुकानातून मनानं अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या जोरदार गोळ्या आणू नका, डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढतो. ‘एक सुई मारा, सलाईन लावा’ असा हट्ट डॉक्टरकडे धरू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, डेंग्यूत ताप उतरला की संपलं असं समजू नका. खरी काळजी तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके, लघवी कमी, माणूस सुस्त पडणं, यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. आपल्याकडे ताप उतरला की बाई लगेच चुलीपुढे उभी राहते. म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

घरातलं एवढं झालं, तरी नळाचं काम उरतंच. पाण्याचं वेळापत्रक हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, तो आरोग्याचा आहे, हे आपण गावात मांडायला हवं. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. नाव एवढं लांब की पूर्ण म्हणेपर्यंत सभा संपते! पण त्या नावात आरोग्य आणि पाणी शेजारी शेजारी बसलेत ना? मग पाणी थोडं सोडा, पण पाचव्या दिवशी सोडा, असा ठराव तिथे मांडता येतो. दहा दिवसांचं पाणी एकदम देण्याऐवजी दोनदा अर्धं अर्धं दिलं तर पाणी तेवढंच लागतं. वॉल्व्ह फिरवायला माणसाला दोनदा जावं लागेल, इतकाच काय तो फरक.

जवळच्या एका गावातल्या गटाच्या बायकांनी याची सुरुवात साध्या वहीनं केली आहे. नळ कोणत्या तारखेला आला आणि त्या आठवड्यात गल्लीत कुणाकुणाला ताप होता, एवढंच त्या लिहितात. लिहिणारी सातवी शिकलेली आहे, अक्षर मोत्यासारखं. पुढच्या महिला ग्रामसभेला ती वही घेऊनच जायचं असं त्यांनी ठरवलंय, आणि त्यांच्यासोबत मीही जाणार आहे.